शनिवारचं अर्धं पान

आमच्या मोडी लिपीच्या वर्गात दर शनिवारी जेमतेम अर्धं पान वाचून होतं. पण घरी नवरा विचारतो, "आज काय झालं?" आणि सांगता सांगता जेवण गार होतं. वर्ग वाकोल्यात, एका सोसायटीच्या हॉलमध्ये. शिकवतात सबनीस सर, कॉलेजातून रिटायर झालेले. विषय सोडून बोलण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

*

एकदा कागदात 'तूप' आलं. सर म्हणाले, "हा शब्द कानडीतून आलाय, बरं का." तुपावरून अडकित्त्यावर, अडकित्त्यावरून 'अक्का'वर. वॉचमन हॉल बंद करायला आला तेव्हा मी विचारलं, "सर, त्या तुपाचं पुढे काय झालं?"

"कुठल्या तुपाचं?"

*

सरांच्या बायकोने, म्हणजे काकूंनी, त्यांना मालाडच्या मंडईत कोबी आणायला पाठवलं. सरांनी भाजीवाल्याला 'कोबी' हा शब्द पोर्तुगिजांकडून कसा आला ते सांगितलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "पोर्तुगीज गेले ना काका. किती देऊ?"

हा किस्सा सर स्वतःच सांगतात.

*

वर्गातल्या रेजिना मावशी वाकोल्याच्या जुन्या गावठाणातल्या, ख्रिश्चन. सरांनी फळ्यावर आमंत्रण, आमंतण, आवंतण, आवतण असं लिहिलं आणि म्हणाले, "मुंबईत हा शब्द आता कुणी बोलत नाही." मावशींनी पिशवीतून नातीची लग्नपत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. "आवतन द्यायलाच आलेय, सर."

सरांनी आधी ते वाक्य वहीत लिहून घेतलं, मग अभिनंदन केलं.

*

परब वर्गाला कांजूरमार्गहून येतो. एका शनिवारी तो आईला घेऊन आला. धोंडीबाई, वय सत्त्याऐंशी, हातात एक जुनं पत्र. त्यांचे वडील मुंबईत गिरणीत होते. धोंडीबाई गावी जन्मल्या आणि महिन्याभरात वडील इथेच वारले. वडिलांनी लिहिलेलं हे पत्र गावी पोचलं ते त्यांच्या जाण्याची बातमी आल्यावर. धोंडीबाईंच्या आईने ते ट्रंकेत ठेवलं, कुणाला वाचूच दिलं नाही.

"तेंका माझ्याबद्दल म्हायत तरी होता की नाय, कोण जाणे," धोंडीबाई म्हणाल्या.

सर वाचू लागले. "मुलगी झाल्याचे कळले. आनंद झाला. नाव यमुना ठेवावे."



"परत वाचा," धोंडीबाई म्हणाल्या. सरांनी परत वाचलं.

थोड्या वेळाने चहा आला. सरांनी एक कप उचलून पुढे केला. "यमुनाबाई, घ्या."

हाक कुणाला मारली ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. मग कप घेतला.