मेथीवर शिंपडायचं पाणी

मंडईत मेथी विकणाऱ्या त्या मावशींचं नाव मी कधी विचारलं नाही. महापालिकेच्या निवडणुकीत आमच्या बारक्या पक्षाची पत्रकं वाटताना त्या रोज दिसायच्या. तांब्यातलं पाणी जुड्यांवर शिंपडायच्या, स्वतः मात्र घोटभरही घ्यायच्या नाहीत. कारण विचारलं, तर म्हणाल्या, "पिऊन जायाचं कुटं, पावणं?"

मंडईत बायकांसाठी मुतारीच नव्हती. मोठ्या पक्षांच्या गुळगुळीत पत्रकांत त्याला ओळभरही जागा नव्हती. आम्ही तो मुद्दा सगळ्यात वर छापला. त्यांचे कार्यकर्ते सांगत फिरले, बारक्या पक्षाला मत म्हणजे मत वाया.

आमचा उमेदवार आपटला, अनामतही गेली. पण मंडईतल्या बायकांची मतं आम्हाला पडली आणि मोठ्या पक्षाचा माणूस कसाबसा निवडून आला. वर्षाच्या आत त्यानं मुतारी बांधली आणि दारावर स्वतःचं नाव हातभर मोठं रंगवून घेतलं.

मी तणतणत मावशींकडं गेलो. "मुद्दा आमचा आणि नाव त्याचं! तुमचं मत वायाच गेलं की, मावशी."

"वाया कसं? तुमाला दिलं म्हणून तर त्यो भ्याला न्हवं?" त्या म्हणाल्या. "आन् नाव असू दे की त्येचं. घाईत आत जाताना कोण वाचतंय?"

मग त्यांनी तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि गटागटा रिकामा केला. जुड्यांवर शिंपडायला थेंबही उरला नाही.