अक्काचे शेअर

वासुदेव गेल्याचे मला बंदरावर कळले. मुंबईहून आगबोटीने येऊन पडावातून किनाऱ्यावर उतरलो, तर शाळेचा शिपाई समोर उभा. “जोशीमास्तर गेले,” एवढेच म्हणाला. त्याला महिना होऊन गेला. गावात अजून त्याच्याविषयी जे बोलले जाते, ते ऐकवत नाही, म्हणून लिहितो आहे.

आम्ही एकाच शाळेत शिकवत असू. तो शास्त्र, मी संस्कृत. मुंबईत रेडिओचे संच बनवणारी एक कंपनी निघाली, तेव्हा त्याने तिचे शेअर घेतले. त्याच्या शब्दावर त्याच्या विधवा थोरल्या बहिणीने, गंगूअक्काने, घेतले. पुढे मंदी आली, विलायती संच स्वस्त झाले आणि भाव घसरत गेला. वासुदेव सुट्टीत मुंबईस गेला आणि त्या कारखान्यात, बिघडलेले संच दुरुस्तीला येतात तिथे, रोज जाऊन बसला. परत आल्यावर म्हणाला, “माल चांगला आहे. नुसती जागा न् यंत्रं विकली तरी आजच्या भावाहून जास्त येईल. लोक घाबरून विकतायत.”

“म्हणजे भाव चढेल?”

“चढेल. पण कधी... ते मला काढता येत नाही.”

त्याच सुमारास अक्का सासरहून, नाटे गावाहून, आली. तिच्या मुलाची गिरणीतली नोकरी सुटली होती. ओटीवर, माझ्यासमोर, वासुदेवाने तिला सांगितले, “अक्का, याची खरी किंमत जास्त आहे. थांबलीस तर बरं.”

“तुझ्या यंत्रांवर माझी चूल पेटायची नाही, वासू. विकून टाक.”

गिऱ्हाईक मिळेना. शेवटी त्यानेच ते चालू भावाने घेतले. मी नको म्हटले, तर म्हणाला, “मग कोणी घ्यायचे?”

काही वर्षांनी कंपनी सावरली, भाव वर गेला. भावाने जाणूनबुजून विधवा बहिणीचे स्वस्तात लाटले, असे लोक बोलू लागले. अक्का तसे कधी म्हणाली नाही. नाही असेही म्हणाली नाही. भाऊबीजेला येणे मात्र तिने बंद केले. वासुदेव शेअर परत द्यायला नाट्याला गेला. “विकलेलं मी परत घेत नाही,” ती दाराआडून म्हणाली. ते शेअर त्याने कधी विकले नाहीत. वर्गात शिकवताना मधेच थांबायचा, खिडकीबाहेर बघत राहायचा. शेवटच्या भेटीत अंथरुणावरून त्याने मला विचारले, “माझा अंदाज बरोबर होता ना रे?” मी हो म्हटले. “तेच तर...” म्हणाला, आणि कुशीवर वळला.

त्याचे दिवसकार्य झाल्यावर अक्का आली. त्याच्या खोलीत बराच वेळ बसली. मला राहवेना. म्हटले, “अक्का, त्याने तुम्हांला थांबायला सांगितलं होतं. मी होतो तिथे.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “लोक बोलत होते, तेव्हाही ठाऊक होतं.”

मग ती उठली. खुंटीवरच्या त्याच्या कोटाची दुमडलेली कॉलर तिने सरळ केली आणि हात तसाच तिथे ठेवून उभी राहिली.