घबराटीचा धडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. आणि आता सांगतेय म्हणून लगेच ‘चालायचंच, माणूस आहे’ असं म्हणू नका — मला ते नकोय.

मी नर्सना शिकवते. वॉर्डातला रुग्ण हातातून निसटू लागला की कसं ओळखायचं, ते. आधी श्वास मोजा, घड्याळ बघून मोजा, अंदाजपंचे आकडा ठोकू नका. डॉक्टरांनी फोनवर झिडकारलं तर त्यांच्या वरच्यांना फोन करा. मी हे उत्तम शिकवते. खोटी नम्रता कशाला?

पण माझा गाजलेला धडा आहे एका शब्दाचा. इतका गाजलेला, की इतर हॉस्पिटलांतून बोलावणी येतात. तो असा — मी नवी असताना रझिया आपा म्हणून एक बाई माझ्या वॉर्डात होत्या, पोटाचं ऑपरेशन झालेल्या. दुपारभर म्हणत होत्या, “बेटी, जी घबरारा.” मी मराठी, मला ऐकू आलं ‘घाबरणं’. डॉक्टरांना फोनवर सांगितलं, पेशंट घाबरलीय, बाकी काही नाही. इथल्या दखनी बोलीत त्याचा अर्थ जीव कासावीस होतोय. संसर्ग रक्तात पसरला होता. संध्याकाळी आपा गेल्या. म्हणून मुलींनो, रुग्णाचा शब्द रुग्णाच्याच भाषेत ऐका. इथे एखादी मुलगी डोळे पुसतेच.

छान आहे ना धडा?

मी याच शहरात, बरकतपुऱ्यात जन्मले, तिथेच दखनी ऐकत वाढले. माझ्या आईला दमा. उबळ आली की ती भिंतीला टेकून बसायची आणि मराठीतच म्हणायची, “घबराट होतेय गं, पंखा लाव.” भीती कसली! तिला श्वास पुरत नसायचा. शाळेत जायच्या आधीपासून मला तो शब्द ठाऊक आहे.

मग? — मग सांगते. त्या सकाळी आपांनी मोठ्या सिस्टरांपुढे, अख्ख्या वॉर्डादेखत, माझी तक्रार केली होती. या पोरीचा हात जड आहे, सलाइन लावताना दुखवते. खरंच होतं ते. म्हणूनच जास्त झोंबलं. दुपारी त्या घंटी दाबत राहिल्या आणि मी ‘येते, येते’ करत राहिले. काम फार होतं? नव्हतं. वॉर्ड निम्मा रिकामा होता. शेवटी गेले तेव्हा त्यांच्या गळ्याखालचा खळगा दर श्वासाला आत ओढला जात होता. तो मी पाहिला. श्वास मोजला नाही. मोजला असता तर धावावं लागलं असतं — आणि त्या बाईसाठी मला धावायचं नव्हतं.

चौकशीत मीच म्हणाले, भाषेचा घोळ झाला, सर. सगळ्यांना पटलं. व्हरांड्यात आपांच्या बहिणीने माझा हात धरला. “तुमकू क्या मालूम बेटा, तुम मराठी लोगां.” मी हात सोडवून घेतला नाही. उलट रडले. त्या मला थोपटत राहिल्या. आजही हेच सगळ्यात जास्त सलतं.

पुढे त्याच खोट्यावर मी धडा उभारला, नाव कमावलं.

गेल्या आठवड्यात इथल्याच चिक्कडपल्लीची एक मुलगी वर्गात उभी राहिली. “मॅडम, आप तो यहींच के हैं ना? फिर समझे कैसे नहीं?” मी म्हटलं, जेवायची वेळ झाली. ती बसली, पण नजर हटवली नाही. समोरच्याचं बोलणं आणि लक्षणं जुळत नसतील तर विचारा, असं तिला मीच शिकवलंय. पोरगी चांगली नर्स होणार.

उद्या तीच बॅच आहे. मी जाणार, आणि धडा खरा सांगणार — तक्रारीपासून, बहिणीच्या हातापर्यंत. नंतर मला कुणी काढून टाकलं तर टाकू दे. मी स्वतःहून शिकवणं सोडणार नाही आणि रडणारही नाही. एकदा रडले ते पुरे.

आपा म्हणाल्या, जी घबरारा. मला कळलं होतं.