ब्रेकबाईंचा उजवा पाय

शहराच्या त्या भागातल्या निम्म्या माणसांना गाडी शिकवणाऱ्या बाईंच्या खुद्द नवऱ्याला गाडी येत नव्हती, आणि ही गोष्ट चारचौघांत सांगताना लोकांना जेवढा आनंद व्हायचा, तेवढा स्वतःचं लायसन्स हातात पडल्यावरही झाला नसेल. बाईंचं ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे एका खोलीचं ऑफिस, भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, बसायला एक बाक आणि दारात उभी असलेली छोटी पांढरी गाडी. या गाडीला ब्रेक दोन. एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसलेल्या बाईंच्या. बाईंनी आपला दाबला की दांडीने जोडलेला शिकणाऱ्याचा ब्रेकही खाली जाई. शिकणाऱ्याने दाबला तर बाईंचा मात्र हलत नसे. माणूस आपल्याच ऐटीत चाललेला असे, एकदम पायाखालची ब्रेकची पट्टी खचे, गाडी गचकन थांबे आणि कपाळ काचेपर्यंत जाऊन परत येई. मग बाई शांतपणे विचारत, समोर काय होतं? यावरून त्यांचं नाव ब्रेकबाई पडलं. तोंडावर अर्थात सगळे मॅडमच म्हणत.

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं, म्हणून ते चष्मेवाले. माणूस इतका गरीब की दुकानातल्या आरशालाही आधी खाकरून मग सामोरा जाई. लग्नानंतर पहिल्याच वर्षी बाईंनी त्यांना शिकवायला घेतलं होतं. बाईंनी "अहो, क्लच" म्हटलं की ते स्टिअरिंगवरचे दोन्ही हात वर करत. शेवटी एकदा त्यांनी गाडी बांधकामाच्या वाळूच्या ढिगात घातली आणि इंजिन बंद करून तिथेच बसून राहिले. उतरा म्हटलं तरी उतरेनात. त्यानंतर चांगला आठवडाभर घरात बोलणं बंद होतं. पुढे दोघांनी शहाणपणा केला. त्या गाडीत, हे सायकलवर, आणि संसार सुरळीत.

तर अशा या ब्रेकबाईंचा सीटबेल्ट एक दिवस पोटावर काचायला लागला. बाईंनी दोष पट्ट्याला दिला. गॅरेजवाल्याला बोलावून तो बदलून घेतला. नवाही काचला. मग त्यांनी गॅरेजवाल्याचा असा उद्धार केला की बिचारा पुढच्या गल्लीतून जायला लागला. जेवण दोन घासांत भरायचं, पोट फुगलेलं, आणि बाई मात्र महिनाभर सीट मागेपुढे करून बघत होत्या. अखेर चष्मेवाल्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच आवाज चढवून, पट्ट्याचं राहू दे, पोट दाखव, असं सांगितलं.

पोट दाखवलं ते एका डॉक्टरीणबाईंना, आणि त्या निघाल्या बाईंच्याच जुन्या विद्यार्थिनी. तपासण्या झाल्या, रिपोर्ट आले. डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं: अंडाशयाचा कॅन्सर आहे, अंडाशयं आणि गर्भाशय काढावं लागेल, नंतर केमोथेरपी. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, चित्राकडे बघितलं आणि विचारलं, "तुम्ही वळताना आरशात बघायच्या नाहीत. आता बघता का?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हो मॅडम, आता बघते. मग करा ऑपरेशन, असं म्हणून बाई उठल्या. दारापर्यंत गेल्यावर त्यांनी चौकटीचा आधार घेतला, पण ते फक्त चष्मेवाल्यांना दिसलं. त्यांनी कोपर पुढे केलं.

आजाराचं नाव घ्यायला घरात सगळ्यांची जीभ अडखळत होती. नणंदबाई फोनवर "बायकांचं काहीतरी" एवढंच सांगत, आणि त्यावरून अर्ध्या नातेवाइकांनी या वयात पाळणा हलणार की काय, इथपर्यंत मजल मारली. चष्मेवाले गिऱ्हाइकांना "पोटाचं" म्हणून सांगत. बाईंना हे कळल्यावर त्या स्वतः दुकानात गेल्या आणि चष्मा डोळ्याला लावून बसलेल्या गिऱ्हाइकादेखत खणखणीत आवाजात म्हणाल्या, अंडाशयाचा कॅन्सर, पुढच्या सोमवारी ऑपरेशन, कोणाला आणखी काही विचारायचंय? कोणाला काही विचारायचं नव्हतं. बाईंनी आयुष्यात कधी लपवाछपवी केली नाही, असं लोक म्हणत आणि तेव्हापर्यंत ते खरंही होतं.

ऑपरेशन नीट पार पडलं. शुद्धीवर येताना बाईंनी सिस्टरचा हात घट्ट धरून "क्लच हळू सोडा, हळू, गाडी बंद पडेल" असं बजावलं, आणि सिस्टरनेही हो मॅडम म्हटलं, कारण तीही त्यांच्याकडेच शिकली होती. टाके, नळ्या, खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायची, पहिल्यांदा वॉर्डच्या दारापर्यंत चालायचं. बाई सगळं शिस्तीत करत होत्या. घरी सोडताना सांगितलं की जड उचलायचं नाही आणि इतक्यात गाडी चालवायची नाही. पहिल्या गोष्टीला त्या लगेच हो म्हणाल्या.

पहिल्या केमोला नणंदबाई आपल्या गाडीतून घेऊन गेल्या. नणंदबाईंचं मन सोन्यासारखं, पण तोंडाला ब्रेक नाही. कॅन्सर झालेली ओळखीतली एकेक बाई त्यांनी वाटेत आठवून काढली, शेवटाचं वर्णन केलं आणि दर वेळी पुढे जोडलं, "पण तुझं तसं व्हायचं नाही गं." हॉस्पिटल येईपर्यंत तीनचार बायका संपल्या. परतीच्या वाटेवर बाईंना उलट्या झाल्या, त्या औषधाने की गोष्टींनी, हे सांगणं कठीण. घरी आल्यावर त्या एवढंच म्हणाल्या की वन्संचे उपकार फार आहेत, पण पुढच्या वेळी मी चालत जाईन.

चष्मेवाले रात्रभर तळमळले असावेत. सकाळी चहाचा कप ठेवता ठेवता ते म्हणाले, "मी शिकतो."

बाईंना हसू आलं आणि टाक्यांना कळ लागली. पण माणूस हटेना. त्याचं म्हणणं सरळ होतं: तुझ्या पायाशी ब्रेक आहे ना, मग मला काय भीती. बाईंनी डॉक्टरीणबाईंना फोन करून नुसतं शेजारी बसलं तर चालेल का, असं साळसूदपणे विचारलं. बसायला काय हरकत आहे, असं उत्तर आलं. लर्निंग लायसन्स निघालं, आणि दुसऱ्या केमोला गाडी निघाली ती पुढेमागे लाल एल लावून.

त्या गाडीचा वेग काय वर्णावा. सायकली पुढे जात. एकदा एक हातगाडीवाला मागून ओरडला, काका, जरा बाजूला घ्या, माल खराब होईल. बाईंचे केस तोवर गळले होते आणि नणंदबाईंनी आणलेला विग डोक्यावर होता. गतिरोधकावर गाडी आदळली की तो कपाळावर उतरे. दुसऱ्या गतिरोधकानंतर बाईंनी तो काढून मागच्या सीटवर टाकला आणि सिग्नलला शेजारच्या रिक्षातलं पोर भोकाड पसरून रडायला लागलं, ते बाईंना बघून की विगला बघून, यावर नवराबायकोत पुढे बराच वाद झाला. चष्मेवाल्यांच्या पाठीवर घामाने नकाशे उमटत. पण दर वेळी ते हॉस्पिटलच्या दारात गाडी लावत, आणि बाई सलाईन लावून पडल्या की बाहेरच्या बाकावर बसून पुढच्या वळणाची धास्ती घेत.

तिसऱ्या केमोनंतर बाईंच्या बोटांना मुंग्या यायला लागल्या. बटणं लागेनात. मग तळपाय गेले. गेले म्हणजे होते जागच्या जागी, पण जाड मोजे घातल्यासारखं वाटायचं आणि खाली बघावं तर पाय उघडे. दर भेटीत डॉक्टरीणबाई विचारत, हातापायाला बधिरपणा वगैरे? आणि भर दुकानात अंडाशयाचा उच्चार करणाऱ्या बाई डोळ्याला डोळा न भिडवता सांगत, छे, काही नाही.

का, तर भीतीने. औषध कमी केलं आणि तेवढ्यात आजाराने डाव साधला तर, ही एक भीती. आपला ब्रेक निकामी आहे म्हटल्यावर नवरा गाडीला हात लावणार नाही आणि पुन्हा वन्संच्या गोष्टी ऐकाव्या लागतील, ही दुसरी, आणि ही काही लहान भीती नव्हे. तिसरी त्या स्वतःशीही नीट बोलत नसत. गर्भाशय गेलं, केस गेले, त्याचं त्यांनी फारसं मनाला लावून घेतलं नव्हतं. पण ज्याच्या जिवावर आख्खं आयुष्य उभं केलं तो उजवा पायच गेला, तर शेजारच्या सीटवर बसायचं ते कशाला? या विचाराशी आल्या की त्या उठून भांडी आवरायला लागत, आणि एखादं हातातून पडे.

चौथ्या केमोला जाताना एक सायकलवाला गल्लीतून सुसाट आडवा आला. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, सायकलवाला शिव्या देत गेला. "वाचलो बाई तुझ्या ब्रेकने," चष्मेवाले कपाळ पुसत म्हणाले. बाईंनी खाली बघितलं. त्यांचा पाय पट्टीच्या शेजारी, रबराच्या मॅटवर नेटाने दाबलेला होता. गाडी नवऱ्याने थांबवली होती, आणि त्या बावळटाला ते कळलंही नव्हतं. बाईंनी पाय हळूच उचलून पट्टीवर ठेवला. त्या म्हणाल्या, समोर बघा. पाचव्या वेळी एका आजोबांपाशी तेच झालं. तेव्हाही चष्मेवाल्यांनी बायकोचे आभार मानले आणि बाईंनी ते मुकाट्याने घेतले. स्वतःची त्यांना शरम वाटली, पण शरमेने जीभ काही सुटली नाही.

शेवटच्या केमोच्या आधी डॉक्टरीणबाईंनी नेहमीसारखं विचारलं आणि बाईंनी नेहमीसारखं, छे, काही नाही म्हटलं. शेजारच्या स्टुलावर चष्मेवाले हातातल्या पिशवीचे बंद गुंडाळत बसले होते. बायको बोलत असताना मध्ये तोंड घालायची त्यांची छाती कधी झाली नव्हती. ते खाकरले.

"डॉक्टर, ही खोटं बोलतेय. हिचा पाय ब्रेकवर पडत नाही."

डॉक्टरीणबाईंनी बाईंना पलंगावर बसवलं, डोळे मिटायला सांगितले आणि पायाच्या बोटांना कापूस लावत गेल्या. कुठे लागतंय मॅडम? बाई म्हणाल्या, लावा तरी आधी. तेव्हा कापूस तिसऱ्या बोटावरून फिरून झाला होता. मग त्या जुन्या विद्यार्थिनीने मॅडमना असं झापलं की बाहेरचे पेशंट गप्प झाले. औषध बदलता येतं, त्याने उपचार काही दुबळा होत नाही, पण नसा जास्त दुखावल्या तर कायमच्या जातात. हे आधी सांगायचं असतं. आता पाय परत येईल का, असं बाईंनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू येईल, बहुतेक. किती येईल ते आज सांगता येत नाही.

बदललेलं औषध घेऊन दोघं गाडीत येऊन बसली. बाई काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत होत्या. राग डॉक्टरीणबाईंचा नव्हताच.

"कधी कळलं तुम्हाला?"

"तो सायकलवाला आला तेव्हा. माझी पट्टी पायाखालून गेली नाही. तू दाबलास की ती आधी जाते. मीच दाबली तेव्हा खाली गेली."

"मग 'वाचलो बाई तुझ्या ब्रेकने' असं कशाला म्हणालात?"

"तुला बरं वाटावं म्हणून."

"आणि त्यानंतरही चालवलीत? माझ्याशिवाय? भीती नाही वाटली?"

"वाटली की. आताही वाटतेय." चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. "पण तुला पोचवायचं होतं ना."

बाईंना रडू आलं. ऑपरेशनला आलं नव्हतं, केस गेले तेव्हा आलं नव्हतं, ते सगळं एकदम आलं, अगदी नाक गळेपर्यंत. चष्मेवाले गडबडून रुमाल शोधायला लागले. सापडलं ते चष्मा पुसायचं फडकं. बाईंनी त्यालाच नाक पुसलं. मग त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय हातांनी उचलून वर घेतले आणि सीटवर मांडी ठोकून बसल्या. त्या गाडीत असं बसणाऱ्याला त्यांनी आजवर भर रस्त्यात उतरवलं असतं.

चष्मेवाल्यांनी त्या रिकाम्या ब्रेककडे बघितलं, मग बायकोकडे.

"चला घरी," बाई म्हणाल्या.

त्यांनी किल्ली फिरवली. गाडी एक हिसका देऊन बंद पडली. क्लच लवकर सुटला होता. आंधळ्यालाही दिसलं असतं. त्यांनी पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. मागून कोणीतरी हॉर्न वाजवला. बाईंच्या जिभेच्या टोकावर शब्द आला होता, तो त्यांनी गिळला आणि खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. तिसऱ्यांदा गाडी निघाली.