मोहाखालचा पाला

रिना रामटेके मॅडमना नंदीबैलांचा भारी राग. गुरुजींनी "समजलं का?" म्हणायचं आणि वर्गभर मुंड्या हलायच्या, याला त्या शिक्षण म्हणतच नसत. चामोर्शीकडच्या जंगलकाठच्या शाळेत बदली होताच त्यांनी जंगल-पाण्याच्या गोष्टींची चित्रांची पुस्तकं आणली नि पोरांना बजावलं, "चित्राले प्रश्न इचारा. मलेही इचारा."

पोरं आधी बुजली, मग मात्र सुटलीच. सगळ्यांत पुढे चौथीतली दिव्यानी. आईबाप मिरची तोडायला तेलंगणात, पोर आजीजवळ, ठमाबाईजवळ. मॅडमचा तिच्यावर जीव होता, आणि तो लपतही नसे.

होळीच्या सुमारास मोहाची फुलं गळू लागतात. वेचताना ती नीट दिसावीत म्हणून बाया झाडाखालचा पाला जाळतात, नि त्यातूनच कधी वणवा पेटतो. मॅडमनी नेमकं वणव्याचं पुस्तक काढलं. चित्रात जळकं घरटं, पळणारं पाडस. पोरांचे डोळे भरले.

दिव्यानीनं विचारलं, "मॅडम, पाला जाळला नाई तं फुलं वेचाचे कसे?"

प्रश्न लाखमोलाचा होता, पण उत्तर मॅडमना ठाऊक नव्हतं. "पाहू नंतर," म्हणत त्यांनी पान उलटलं.

दिव्यानीनं घरी जाऊन आजीची माचिसच लपवली. नातीपुढे ठमाबाईचं काय चालणार! "माही नात शिकून राह्यली, ते म्हणते तसंच करतो," असं सगळ्यांना कौतुकानं सांगत ती पाला न जाळताच झाडाखाली बसली. बाकीच्या बाया टोपल्या भरून घरी परतल्या. ठमाबाई एकटीच वाकून पाला चाळत राहिली. वाघ मागून आला.

गावानं मॅडमना बोल लावला नाही. "जाळल्या जागीही वाघ येतेच जी," लोक म्हणाले. त्या चांगुलपणानं रिना अधिकच खचली. झाडाखाली जुनी साडी अंथरली की फुलं आपसूक तिच्यावर पडतात, हे तिला नंतर दुसऱ्या गावच्या बायांकडून कळलं. जुन्या साड्या तिच्याच पेटीत पडून होत्या.

आजीची तेरवी आटोपून दिव्यानी शाळेत आली. आता ती काहीच विचारत नव्हती. मॅडम काहीही म्हणोत, पोर मान हलवायची. वर्गातली सगळ्यांत हुशार पोर नंदीबैल झाली होती. पोरीनं भांडावं, शिव्या द्याव्या, पण एकदा तोंड उघडावं, एवढंच रिनाला हवं होतं.

शेवटी मधल्या सुट्टीत तिनं तेच पुस्तक, तेच पान दिव्यानीसमोर उघडलं.

"इचार बेटा. काहीही इचार."

दिव्यानीनं जळक्या घरट्यावर बोट ठेवलं.

"त्या दिवशी तुमी पान काऊन पलटवलं जी?"

"मले उत्तर येत नव्हतं, बेटा."

दिव्यानीनं पुन्हा तशीच मान हलवली.