रिकाम्या पट्ट्यांवरचा दोरा

दुपारी पुतणीचा, रश्मीचा फोन आला. "काकू, आई गेली… मशीनवर बसल्या बसल्याच." शालूताई म्हणजे माझी मोठी जाऊ. हृदय बंद पडलं. आम्ही पोचलो तेव्हा नारिंगी ब्लाउजची बाही अजून सुईखालीच होती. तेरवीला आलेल्या एका बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "शेवटी त्या कॅन्सरनंच नेलं ना वं?" माझं डोकं फिरलं. दुःखाच्या घरात आवाज चढवू नये हे कळतं मला, तरी चढवला. "नाही! तो ताईनं केव्हाच संपवला होता." बाईंना काही पटलेलं दिसलं नाही. म्हणून हे लिहायला बसले.

स्तनाचं ऑपरेशन झालं, केमो झाली, आणि मग डॉक्टरांनी हार्मोनची गोळी दिली. रोज एक, दहा वर्षं. ताई म्हणाली, "बापा! तोवर तर रश्मीचं लगन होऊन जाईन." झालंही. ताई घरातल्या पुढच्या खोलीत ब्लाउज शिवायची. सकाळी गोळी घेतल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही, हा तिचा नियम. गोळीनं बोटांचे सांधे आखडायचे, म्हणून ती गरम पाण्यात हात बुडवून बसायची आणि मग सुईत दोरा ओवायची. जानेवारीत आम्ही शाली गुंडाळून बसलेलो आणि ही घामाघूम होऊन पंखा लावायची. कोणी कुरकुर केली की म्हणे, "मले आतून उन्हाळा लागला, तुमी जा तिकडच्या खोलीत." गोळ्यांच्या रिकाम्या झालेल्या पट्ट्या मात्र तिनं कधी फेकल्या नाहीत. उरलेसुरले दोरे त्यांच्यावर गुंडाळून एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तपासणीला गेली की रांगेतल्या बायकांची मापंही घेऊन यायची. ऑपरेशन झालेल्या बाजूला आतून कप्पा शिवलेलं, पॅड नीट बसेल असं ब्लाउज तिनं स्वतःसाठी बेतलं होतं; मग तसलीच कितीतरी जणींसाठी शिवली. मी शाळेत शिकवायचे, पगार आणायचे, पण घरात ताठ मानेनं चालायला मी हिच्याकडूनच शिकले.

दहा वर्षं झाली आणि डॉक्टर म्हणाले, "आता बंद करा." मला कोण आनंद! परतताना सीताबर्डीवर उतरून मी संत्रा बर्फी घेतली. ताईनं तुकडा हातात धरून ठेवला, खाल्ला नाही. "मले भेव लागते वं," ती म्हणाली… एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. पुढच्या आठवड्यात तिच्याकडे गेले, तर मशीनच्या खणात नवी पट्टी. जुनी चिठ्ठी दाखवून गुपचूप आणलेली, एकच गोळी उरलेली. मी खूप बोलले, डॉक्टरांपेक्षा तुला जास्त कळतं का, वगैरे. ती शांतपणे म्हणाली, "इतके साल तिनंच मले सांभाळलं. आता काहून सोडू, सांग ना तू?" दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. "आज नाई घेतली. मशीन चालू करून राहिली मी." मी शाबास म्हटलं, पण खरं सांगते, माझा विश्वास बसला नव्हता. त्यानंतर ती चार वर्षं जगली, एकटी पचमढीला जाऊन आली, नातवाला पोहायला घेऊन गेली. तरी माझ्या मनात ती शंका राहिलीच होती. विचारायचं धाडस झालं नाही.

परवा रश्मीनं तो डबा माझ्या हातात दिला. अपुरं राहिलेलं ब्लाउज हॉस्पिटलमधल्या एका मुलीचं होतं, ते कोणीतरी पुरं करायला हवं होतं. डब्यात नारिंगी दोऱ्याची पट्टी सापडली. दोरा सोडवत गेले, तर बोटाला काहीतरी टोचलं. शेवटच्या खळग्यात ती उरलेली एक गोळी तशीच होती, वरचा कागदही न फाटलेला.

मी मशीनवर बसून भरपूर रडले. मग सुई ओवली आणि त्याच दोऱ्यानं बाही लावली. जरा वाकडी आली आहे. ताईनं उसवायला लावली असती.