नांगराच्या कप्प्यातलं पाणी

पुण्यात मी आठ वर्षं डॉक्टर होते. न्यूझीलंडला आल्यावर मात्र इथली परीक्षा पास होईपर्यंत मला साध्या सर्दीचं औषधही लिहून देता येत नव्हतं. दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं होती ती. लेखी झालं, प्रात्यक्षिक झालं, आणि निकालाला सहा आठवडे होते. आमचं घर अल्बनी या उपनगरात, नवंकोरं. नवरा सकाळी आयटीच्या नोकरीला शहरात जायचा, मुलगी शाळेत, आणि मी या खोलीतून त्या खोलीत. पोस्टमन येऊन गेल्यावरही दोन-दोनदा पत्रपेटी उघडून बघायचे. भाजी चिरायला घ्यायचे आणि अर्धवट टाकून उठायचे.

शेजारी सत्तरीच्या एक बाई राहायच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांना नावाने हाक मारायची असते हे मला माहीत होतं, पण जीभ वळत नव्हती, म्हणून मी कसलीच हाक न मारता बोलायचे. माझी ही येरझार त्यांनी कुंपणावरून पाहिली असावी. एकदा म्हणाल्या, हात रिकामे असतील तर माझ्याबरोबर बोटीवर चल.

त्यांची तीस फुटी शिडाची बोट होती, त्यांच्याहून थोडीच लहान वाटावी इतकी जुनी. त्यांनी आणि त्यांच्या नवऱ्याने मिळून ती पंचवीस वर्षं चालवली होती. आता नवरा वृद्धाश्रमात होता, त्याला फारसं काही आठवत नसे. बाईंना बोट विकायची नव्हती, पण बोटीच्या पुढच्या केबिनमधली गादी कायम ओली असायची. आत शिरलं की कुबट वास यायचा. त्या केबिनच्या पुढे, अगदी टोकाला, नांगर आणि त्याची साखळी ठेवायचा कप्पा होता. साखळीबरोबर येणारं समुद्राचं पाणी तिथे साठायचं.

मी कप्प्यात अर्धी वाकून डोकं घातलं. पाणी बाहेर जायचं भोक चिखलाने आणि शिंपल्यांच्या चुऱ्याने बुजलं होतं. तारेने ते मोकळं केलं. वाटलं, झालं काम. पण बादलीभर पाणी ओतून पाहिलं तर चार बोटं पाणी तळाशी तसंच. भोक तळापेक्षा वर होतं.

बाई म्हणाल्या, आज एवढंच करू, घरी जाऊन विचार करू. मला विचार करायचा नव्हता. विचार करायला घरी अख्खा दिवस होताच. मी म्हणाले, बाहेरच्या बाजूला, खाली आणखी एक भोक पाडलं की संपलं. त्यांनी दोनदा नको म्हटलं. मी दोन्ही वेळा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत कारणं सांगितली. शेवटी त्यांनी ड्रिल दिलं.

त्या शनिवारी नवरा आणि मुलगीही आले. वारा चांगला होता, बोट लाटांवर आपटत होती, आणि प्रत्येक आपटीला मी पाडलेल्या भोकातून पाणी पिचकारीसारखं आत येत होतं. परतेपर्यंत गादी पिळता येईल इतकी भिजली. मुलगी इंग्रजीत म्हणाली, "मम, तू आणखी बिघडवलंस." नवऱ्याने तिला गप्प केलं. बाईंनी गादी उचलून धक्क्यावर उन्हात टाकली.

मंगळवारी पत्र आलं. लेखी पास, प्रात्यक्षिकात नापास. नवऱ्याला फोन करायचं धैर्य झालं नाही. मी चालत निघाले आणि शेजारच्या दारात उभी राहिले. बाईंनी चहा केला. कशात गेलं, एवढंच विचारलं. रुग्णाशी बोलण्यात, मी म्हणाले. खोटी रुग्ण समोर बसवतात, तिची हकीकत काढून घ्यायची असते. परीक्षकाने लिहिलं होतं की मी तिला बोलू दिलं नाही.

"ते खरं आहे," बाई म्हणाल्या. "तू ऐकत नाहीस. तुला उत्तर आधीच हवं असतं."

मला राग आला. पुण्यात रोज ऐंशी रुग्ण तपासायचे, तिथे ऐकत कोण बसणार, असं काहीतरी मी बोलले. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, चल, ते भोक बुजवायचंय.

या वेळी मी घरून हळद नेली. पाणी कप्प्यातून केबिनमध्ये नेमकं कुठून जातं हे मला पाहायचं होतं. मी पाडलेलं भोक बुचाने बंद केलं, बादलीत मूठभर हळद कालवली, आणि बाईंनी ती हळूहळू वरून ओतली. मी आत गादीखालची फळी काढून टॉर्च घेऊन बसले. दहा मिनिटं काही झालं नाही. मी दोनदा उठले, दोनदा स्वतःलाच खाली बसवलं. मग लाकडी भिंतीवर एक पिवळी रेघ उतरली. नांगर ओढायच्या मोटरची वायर जिथून आत आली होती, तिथूनच. भिंतीला अगदी खाली भोक पाडून वायर घातली होती आणि भोवती काही भरलंच नव्हतं.

बाई खाली येऊन गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी रेघेवरून हात फिरवला.

"ही मोटर त्याने बसवली," त्या म्हणाल्या. "आणि गादी ओली झाली की म्हणायचा, तू वरची खिडकी उघडी ठेवलीस. मी माफी मागायचे. दर वेळी."

या वेळी मी त्यांना पुरं बोलू दिलं.

काम चार दिवस चाललं. वायर वरून फिरवली, खालचं भोक आणि माझं भोक दोन्ही भरली, आणि कप्प्याच्या तळाला इपॉक्सीचा, म्हणजे सुकून कडक होणाऱ्या राळेचा, थर देऊन जुन्या भोकाकडे उतार काढला. थंडीत तो थर सुकता सुकत नव्हता. मला हाताचं बोट लावून बघावंसं वाटे, बाई हात धरत.

गुरुवारी त्या मला वृद्धाश्रमात घेऊन गेल्या. त्यांचा नवरा खिडकीजवळ बसला होता, उंच, देखणा, गुळगुळीत दाढी केलेला. बाईंनी त्याला शांतपणे सगळं सांगितलं: वायर, भोक, पिवळी रेघ. त्याने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "कोणाची बोट?"

"आपली," त्या म्हणाल्या. मग त्याच्या गळ्यातला रुमाल नीट केला. परतताना गाडीत त्या रडल्या, पण रागाने की कशाने, मी विचारलं नाही. पुढच्या वळणावर थांबून डेअरीतून, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून, आम्ही दोन आइस्क्रीम घेतली.

पुढच्या उन्हाळ्यात बोट कोरडी राहिली. मी वर्षभराने परीक्षा पुन्हा दिली, पास झाले, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला, मनुरेवाच्या बाजूला एका दवाखान्यात काम मिळालं. घर बदललं. पहिल्याच आठवड्यात एक म्हातारे गृहस्थ आले, सामोआ बेटांवरचे, गुडघा दुखतो म्हणाले. मी पेन हातात घेतलं, खाली ठेवलं. मग त्यांनी गुडघ्यापासून सुरुवात केली आणि वीस मिनिटांनी बायको गेल्याचं सांगितलं. बाहेर सहा जण खोळंबले होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी दारातून डोकावून घड्याळ दाखवलं. मी मान हलवली, पण उठले नाही.